हान्स ग्लोबके : दोन राजवटींचा एकच साहेब

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका जर्मन चित्रपटाच्या निमित्ताने. फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलावरचा २०१५ सालचा चित्रपट. बाउअर आइशमनच्या मागावर आहे आणि त्याच्याच देशातली मोठी माणसं त्याच्या वाटेत उभी आहेत. त्यातलं एक नाव डॉ. ग्लोबके. हा सेनापती नाही, पोलीस नाही, छळछावणीवरचा अधिकारी नाही. कायदा शिकलेला सनदी अधिकारी. फायलीवर बसणारा माणूस.

चित्रपट विसरलो, नाव विसरलो नाही. मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली. सेवा पुस्तकं, रजेचे हिशेब, वेतननिश्चिती, नावात बदल, जन्मतारखेत दुरुस्ती. हिटलर मला कळत नाही, कळेल असंही वाटत नाही. ग्लोबके मात्र कळतो. तो ज्या भाषेत लिहितो ती भाषा मी रोज वाचलेली आहे. म्हणून त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

हान्स ग्लोबकेचा जन्म १० सप्टेंबर १८९८ चा, ड्युसलडॉर्फचा. लहानपण आखेनमध्ये गेलं. घर कट्टर कॅथॉलिक. पहिल्या महायुद्धात सैनिक, मग बॉन आणि कोलोनला कायद्याचं शिक्षण, १९२२ साली गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता लोकप्रतिनिधींना मिळणारं कायदेशीर संरक्षण. राजकारणात तो कॅथॉलिकांच्या मध्यममार्गी सेंटर पक्षाचा. १९२९ मध्ये तो बर्लिनला प्रशियाच्या गृहखात्यात रुजू झाला. तिथे त्याच्याकडे आलेला विषय फार रुक्ष होता : नागरिकांची नोंद, म्हणजे जन्म, विवाह, नाव आणि नावबदल.

इथे एक तारीख ध्यानात ठेवा. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९३२ मध्ये, प्रशियाच्या गृहखात्यातून नावबदलाच्या अर्जांविषयी एक परिपत्रक निघालं. ज्यू माणसाला आपलं मूळ झाकण्यासाठी नाव बदलायचं असेल तर परवानगी देऊ नये, असा त्याचा आशय. मसुदा ग्लोबकेचा. म्हणजे अजून लोकशाही जिवंत आहे, नाझी सत्तेवर नाहीत, कुणी पिस्तूल रोखलेलं नाही. एक हुशार, सुशिक्षित, देवभीरू अधिकारी आपल्या टेबलावर बसून ठरवतोय की अमुक समाजाच्या माणसानं आपलं नाव का बदलायचं आहे, याची सरकारनं चौकशी करावी.

नावबदलाचे अर्ज माझ्या टेबलावरूनही जायचे. राजपत्रात जाहिरात छापून आणायची, तिची प्रत जोडायची, सेवा पुस्तकात नोंद घ्यायची. बहुतेक अर्ज लग्न झालेल्या बायकांचे. काही शाळेत मास्तरांनी भलतंच नाव लिहून ठेवलेल्यांचे. आणि काही असे, ज्यांचं कारण अर्जात लिहिलेलं नसायचं पण सगळ्या शाखेला कळायचं. आडनावावरून जात समजते म्हणून गावाच्या नावाचं आडनाव घेणारे. आमच्या नियमात कारणाची चिकित्सा नव्हती. माणसाला हवं ते नाव घेऊ दे, फक्त कागद पुरे असू देत. हे किती मोठं स्वातंत्र्य आहे, ते ग्लोबकेचं परिपत्रक वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नावाचा विषय आमच्याकडच्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. मी कोकणातला. आमच्या भागातल्या मुसलमानांची आडनावंही 'कर' लावलेली, गावावरून आलेली. पुण्यात लेकीसाठी भाड्याची खोली बघत होतो तेव्हा फोनवर आडनाव सांगितलं की गाडी सुरळीत चालायची. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. मग समोरचा विचारायचा, "आणि पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एकदा नाही, तीन ठिकाणी. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्याकडे हे कायद्यात लिहिलेलं नाही, एवढा फरक आहे, आणि तो फरक छोटा नाही. कायद्यात लिहिलं की काय होतं, ते पुढे येतंच.

१५ सप्टेंबर १९३५. न्युरेंबर्गला पक्षाच्या मेळाव्यात दोन कायदे मंजूर झाले. एकानं ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, त्यांना नुसतं 'राज्याचे रहिवासी' करून टाकलं. दुसऱ्यानं ज्यू आणि 'जर्मन रक्ताच्या' माणसांत लग्नाला आणि संबंधांना बंदी घातली. ज्यूंच्या घरात पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन मोलकरीण ठेवायलाही मनाई झाली. कायदे घाईत लिहिलेले, चार-सहा ओळींचे. त्यात एक मोठी अडचण होती. ज्यू म्हणजे कोण, हेच कायद्यात नव्हतं.

घोषणा करणारा घोषणा करून जातो. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या नोंदणी कारकुनासमोर एक जोडपं येऊन उभं राहतं, लग्न लावायचंय म्हणतं. मुलाची आजी ज्यू होती, पण ती बाप्तिस्मा घेतलेली. मुलीचे वडील अर्धे ज्यू, आई ख्रिस्ती. त्या कारकुनानं करायचं काय? त्याला भाषण नको असतं. त्याला स्पष्टीकरण हवं असतं. नियम क्रमांक, पोटनियम, उदाहरण.

१४ नोव्हेंबर १९३५ च्या नियमावलीनं व्याख्या दिली. चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर तो ज्यू. दोन असतील तर मिश्र, पण तो ज्यू धर्मसंस्थेचा सदस्य असेल किंवा त्याचं लग्न ज्यू व्यक्तीशी झालेलं असेल तर तोही ज्यूच. आता पुढचा प्रश्न : आजोबा ज्यू होते हे कसं ठरवायचं? वंशवादाचा सगळा डोलारा रक्तावर उभा, पण रक्तात तर काही दिसत नाही. तेव्हा उत्तर काढलं : आजोबा ज्यू धर्मसंस्थेचे सदस्य होते का, ते बघा. म्हणजे रक्त ठरवायला शेवटी प्रार्थनास्थळाचं रजिस्टर! एखादी मूळची ख्रिस्ती बाई लग्नासाठी ज्यू झाली असेल, तर नातवंडांच्या हिशेबात तीही पूर्ण ज्यू धरायची. हे वाचून हसू येतं. मग कळतं की या विसंगतीवर लाखो माणसांचं जगणं टांगलेलं होतं.

या कायद्यांवरचं पहिलं मोठं भाष्य १९३६ च्या सुरुवातीला म्युनिकच्या बेक प्रकाशनानं छापलं. कायद्याच्या पुस्तकांत बेक हे आजही जर्मनीतलं अव्वल नाव. भाष्यावर दोन नावं होती, गृहखात्याचा वरिष्ठ अधिकारी विल्हेल्म श्टुकार्ट आणि हान्स ग्लोबके. प्रस्तावना श्टुकार्टची. आतली कलमवार चिरफाड मुख्यतः ग्लोबकेची. न्यायाधीश, वकील, नोंदणी कचेऱ्या, सगळे ते पुस्तक हाताशी ठेवत.

मी कचेरीतला माणूस आहे, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. अन्याय्य कायदा कधी कधी निव्वळ अव्यवहार्यतेनं मरतो. त्याचा अर्थ लागत नाही, प्रकरणं अडकतात, खालचा माणूस वर विचारत राहतो, वरचा उत्तर देत नाही, फाइल पडून राहते. कितीतरी खुळचट आदेश मी असे धूळ खाऊन मेलेले पाहिले. नीटनेटकं भाष्य लिहिणारा माणूस हा मार्ग बंद करतो. तो कायद्याला चालता करतो. श्टुकार्ट-ग्लोबके भाष्यानं हे काम केलं.

१९३८ मध्ये गृहमंत्री फ्रिकनं ग्लोबकेच्या बढतीची शिफारस करताना खात्यातल्या अत्यंत कार्यक्षम अधिकाऱ्यांत त्याची गणना केली. आपल्या भाषेत, गोपनीय अहवालात 'अत्युत्कृष्ट' शेरा. बढती मिळाली.

त्याच वर्षी, १७ ऑगस्ट १९३८ ला, नावांविषयीचा तो आदेश निघाला. ज्यूंनी मुलांची नावं गृहखात्यानं दिलेल्या यादीतूनच ठेवायची. ज्यांचं नाव त्या यादीत बसत नाही, त्या प्रत्येक पुरुषानं १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावापुढे 'इस्राएल' लावायचं, प्रत्येक बाईनं 'सारा'. लावल्याची खबर महिन्याभरात नोंदणी कचेरीला आणि पोलिसांना स्वतःच जाऊन द्यायची. व्यवहारात नाव लिहिताना हे जोडनाव टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. सहीतसुद्धा ते हवं. दुकानाची पावती असो, भाडेकरार असो. याच्याच जोडीला ५ ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षराचा शिक्का आला. जर्मन आणि स्विस अधिकाऱ्यांच्या वाटाघाटींतून तो निघाला, कारण स्वित्झर्लंडला सीमेवर निर्वासित ओळखून परत पाठवायचे होते.

नावाची ही कल्पना ग्लोबकेच्या कार्यक्षेत्रातली. हाना आरेन्टनं आइशमन खटल्यावरच्या आपल्या पुस्तकात ती त्याच्याच नावावर मांडली आहे. डिसेंबर १९३२ ते ऑगस्ट १९३८ असा सरळ रस्ता मला दिसतो. आधी म्हणाले, नाव बदलून लपू नका. मग म्हणाले, आम्ही देतो ते नाव लावून उघडे व्हा.

इथे मला आमच्या रायगडातले बेने इस्रायल आठवतात. अलिबागेत इस्राएल आळी आहे. रेवदंडा, पेण, पनवेलला त्यांची सिनेगॉग आहेत. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मराठी बोलणारी माणसं, आडनावं आमच्यासारखीच गावावरून : पेणकर, रोहेकर, केहिमकर. अब्बा त्यांच्याविषयी बोलत ते शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं. या समाजाच्या नावातच 'इस्रायल' आहे, आणि ते त्यांनी अभिमानानं मिरवलं. याकूब पैगंबरांचं दुसरं नाव इस्राईल, हे आमच्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. सारा म्हणजे इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्या पत्नी. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन मुली सारा नावाच्या आहेत. कोकणात जे नाव आशीर्वाद म्हणून ठेवतात, तेच नाव बर्लिनच्या एका कचेरीनं गुन्हेगाराच्या बिल्ल्यासारखं लावलं. यात नावाचा काही दोष नाही. ते कुणी दिलं आणि नको म्हणायची सोय होती का, एवढाच प्रश्न.

आता ग्लोबकेची बाजू. ती आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. तो नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. त्यानं अर्ज केला होता, पण जुन्या कॅथॉलिक राजकारणामुळे तो फेटाळला गेला, आणि युद्धानंतर हीच नामंजुरी त्याच्या कामी आली. बर्लिनचे बिशप प्रायसिंग यांच्यापर्यंत तो खात्यातली आतली माहिती पोचवत असे, असं कॅथॉलिक मंडळींनी सांगितलं. हिटलरविरोधी गटातल्या काही लोकांशी त्याचे संबंध होते. काही माणसांना त्यानं वैयक्तिक मदतही केली. त्याचे समर्थक म्हणत की भाष्यात त्यानं मिश्र विवाह आणि मिश्र संततीविषयी शक्य तिथे सौम्य अर्थ लावला, आणि तो खुर्चीवर नसता तर तिथे कडवा नाझी बसला असता.

हा शेवटचा मुद्दा माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनीही मांडला. निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी बागेत भेटतो. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "भाई, त्यानं नाही लिहिलं असतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं. टेबल काय मोकळं राहतं होय?"

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्यानं लिहिलं असतं, मान्य. पण तितकं चांगलं लिहिलं असतं का?"

ते हसले. आस्थापनेतल्या माणसाला हे लगेच पटतं. चांगला मसुदा लिहिणारे कचेरीत दोनच असतात. बाकीचे जुना मसुदा काढून तारखा बदलतात.

आणि टेबल सोडणारे होतेच की. ग्लोबकेच्याच प्रशियन गृहखात्यात रॉबर्ट केम्पनर नावाचा दुसरा एक प्रशासकीय कायदेतज्ज्ञ होता. ग्लोबकेहून वर्षभरानं लहान. पोलीस विभागाचा कायदा सल्लागार. १९३३ च्या आधीच तो नाझी पक्षावर खटला भरा, बंदी घाला म्हणून कागद तयार करत होता. ज्यू वंशाचा असल्यामुळे आणि या कागदांमुळे गोअरिंगनं १९३३ मध्ये त्याला काढून टाकलं. १९३५ मध्ये गेस्टापोनं पकडलं. सुटला, इटलीत गेला, तिथून फ्रान्स, तिथून अमेरिका. केम्पनरला निवड नव्हती, हे खरं. म्हणून दुसरं उदाहरण घेऊ. लोथार क्रायसिग, ब्रांडेनबुर्गचा न्यायाधीश, चारी आजी-आजोबा बिनधोक. त्याच्या कोर्टाच्या पालकत्वाखाली मनोरुग्ण होते. १९४० मध्ये त्यांच्या मृत्यूच्या नोटिसा एकामागून एक येऊ लागल्या. त्यानं ओळखलं की ही माणसं मारली जातायत. त्यानं न्यायमंत्र्याला लिहिलं, जबाबदार पक्षनेत्यावर खुनाची फिर्याद दिली. मंत्र्यानं त्याला बोलावून हिटलरच्या सहीचा कागद दाखवला. कागदामुळे बेकायदा ते कायदेशीर होत नाही, अशी भूमिका क्रायसिगनं घेतली. त्याचं काय झालं? फाशी? छावणी? सक्तीची निवृत्ती, पेन्शनसकट. तो शेतावर गेला आणि तिथे त्यानं दोन ज्यू बायकांना लपवलं. १९८६ पर्यंत जगला.

क्रायसिगसारखी माणसं थोडी होती आणि सगळ्यांचं नशीब त्याच्याइतकं चांगलं नव्हतं. पण 'दुसरा मार्गच नव्हता' असं कुणी म्हटलं की मला त्या पेन्शनची आठवण होते.

युद्ध संपलं. २० जानेवारी १९४२ ला वानझेच्या बंगल्यात ज्यूंच्या संहाराची आखणी करणारी जी बैठक झाली, तिला श्टुकार्ट हजर होता. त्या बैठकीच्या कार्यवृत्ताची एकमेव उरलेली प्रत १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली, आणि ती उजेडात आणली केम्पनरच्या पथकानं. काढून टाकलेला अधिकारी आता अमेरिकेच्या बाजूनं सरकारी वकील म्हणून परतला होता. न्युरेंबर्गला जर्मन मंत्रालयांतल्या बड्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. श्टुकार्ट आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि ग्लोबके? साक्षीदाराच्या खुर्चीत. ज्यूंची मोठ्या प्रमाणावर हत्या होत होती हे आपल्याला माहीत होतं, असं त्यानं तिथे सांगितलं.

एका पुस्तकावरच्या दोन नावांपैकी एक आरोपी, दुसरं साक्षीदार. श्टुकार्टला भोगलेल्या कैदेइतकीच शिक्षा झाली, तो सुटला आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये मोटार अपघातात गेला. ग्लोबकेला नाझीमुक्तीच्या चौकशीत पाचव्या वर्गात टाकलं होतं, म्हणजे ठपका नाही. १९४६ पासून तो आखेन शहराचा खजिनदार. मग सप्टेंबर १९४९ मध्ये कोनराड आडेनाउअर एका मताच्या बहुमतानं पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले आणि त्यांनी ग्लोबकेला बॉनला चॅन्सेलरच्या कार्यालयात आणलं.

आडेनाउअर नाझी नव्हते. नाझींनी त्यांना कोलोनच्या महापौरपदावरून हाकललं होतं, अटकही केली होती. तरीही त्यांनी हा माणूस निवडला. का? मोडक्या देशात एक मंत्रालय शून्यातून उभं करायचं होतं. नेमणुका, कार्यपद्धती, कुठली फाइल कुणाकडे, मंत्रिमंडळाची टिपणी कशी. हे जाणणारी माणसं कुठून आणायची? जी होती ती बहुतेक जुन्याच राजवटीत घडलेली. १९५१ मध्ये घटनेच्या १३१व्या कलमाखाली कायदा होऊन युद्धानंतर नोकरी गेलेल्या जुन्या नोकरदारांना परतीचा रस्ता मोकळा झाला. पुढे २०१६ साली जर्मन न्यायमंत्रालयानंच नेमलेल्या अभ्यासकांनी जुनं दप्तर उघडलं. १९४९ ते १९७३ या काळातल्या वरिष्ठ जागांवरच्या १७० कायदेतज्ज्ञांपैकी ९० जण नाझी पक्षाचे सदस्य राहिलेले निघाले.

१२ जुलै १९५० ला सोशल डेमोक्रॅट खासदार आडोल्फ आर्न्ट यांनी संसदेत ते जुनं भाष्य बाहेर काढून ग्लोबकेवर हल्ला चढवला. सरकार ढिम्म. १९५३ च्या ऑक्टोबरात त्याला राज्य सचिव आणि चॅन्सेलर कार्यालयाचा प्रमुख केलं गेलं. नेमणुका त्याच्या हातातून, गुप्तचर खात्याशी संपर्क त्याचा, चॅन्सेलरच्या दारात कोणाला सोडायचं ते तोच ठरवी. दोघं दुपारी कार्यालयाच्या बागेत फेऱ्या मारत आणि देशाचे कितीतरी निर्णय त्या फेऱ्यांत होत. मुलाखत नाही, भाषण नाही, वाद नाही. दहा वर्षं.

योगायोग बघा. पश्चिम जर्मनीनं इस्रायलला तीन अब्ज मार्क भरपाई देण्याचा करार लक्झेंबर्गला केला तो १० सप्टेंबर १९५२ ला. ग्लोबकेच्या चौपन्नाव्या वाढदिवशी. चौदा वर्षांपूर्वी याच टेबलावरून 'इस्राएल' हे नाव शिक्षा म्हणून वाटलं गेलं होतं.

१९६० मध्ये आइशमन पकडला गेला आणि बॉनला घाम फुटला. तो साक्षीत कुणाचं नाव घेईल? 'लाइफ' साप्ताहिक आइशमनच्या आठवणी छापणार होतं. त्यातला ग्लोबकेचा उल्लेख अमेरिकेच्या सीआयएनं विनंती करून काढून घेतला, हे २००६ मध्ये खुल्या झालेल्या कागदांतून बाहेर आलं. फ्रिट्झ बाउअरनं फ्रँकफुर्टमध्ये ग्लोबकेची चौकशी सुरू केली होती. १९६१ मध्ये ती बॉनच्या सरकारी वकिलांकडे वर्ग झाली आणि तिथे बंद पडली. वर्ग करणं ही काय चीज आहे, ते सरकारी नोकरीतल्या वाचकांना सांगायला नको.

पूर्व जर्मनीनं मात्र जुलै १९६३ मध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून जन्मठेप ठोठावली. तो खटला म्हणजे प्रचाराचा तमाशा होता, निकाल आधीच ठरलेला, आणि पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या घरातही जुने नाझी होते. पण या तमाशाचा खरा फायदा ग्लोबकेलाच झाला. त्याच्याविषयी काहीही बोललं की 'ही कम्युनिस्टांची भाषा' म्हणून उडवून लावता येऊ लागलं. पुरावे तेच होते, पण चुकीच्या माणसाच्या हातात पडले होते. आपल्याकडेही खरी तक्रार अशीच मरते : तक्रार काय आहे ते बाजूला राहतं, ती कोण करतोय यावरच चर्चा संपते.

ऑक्टोबर १९६३ मध्ये आडेनाउअर गेले, त्यांच्याबरोबर ग्लोबकेही निवृत्त झाला. सरकारनं त्याला मोठं मानचिन्ह दिलं. त्याला उरलेलं आयुष्य स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी काढायचं होतं. घराची तयारीही झाली होती. स्विस सरकारनं राहायला परवानगी नाकारली. ज्या देशाच्या आग्रहातून पासपोर्टवरचा 'जे' जन्मला, त्यानं एका माणसाला सीमेवरून परत पाठवलं तेव्हा तो हा निघाला. १३ फेब्रुवारी १९७३ ला बॉनमधल्या बाड गोडेसबर्गला तो वारला. अंथरुणावर, पेन्शनर म्हणून.

बर्लिनच्या नोंदणी कचेऱ्यांची जुनी जन्मरजिस्टरं आता अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या काही पानांची छायाचित्रं मी पाहिली. रजिस्टरचा नियम जगभर एकच : मूळ नोंद खोडायची नाही, दुरुस्ती समासात लिहायची. सुंदर जर्मन अक्षरात एका बाळाचा जन्म नोंदलेला आहे. समासात १९३९ ची नोंद, सदर व्यक्तीने 'सारा' हे जोडनाव धारण केले आहे, खाली सही, शिक्का. तिच्याखाली युद्धानंतरच्या वेगळ्या हातची, वेगळ्या शाईची दुसरी नोंद : वरील नोंद रद्द. काही पानांवर ही दुसरी नोंद आहे. काहींवर पहिलीच आहे, आणि खाली समास कोरा.